नदीची कूस

"हे काय आहे?" चारुशीलाबाईंनी छत्रीचं चित्र नवऱ्यापुढं धरलं.

ती छत्री आहे हे देवदत्त वकिलांना पक्कं ठाऊक होतं. कोर्टात विसरून आलेल्या सगळ्या छत्र्याही त्यांना आठवत होत्या. नेमका शब्द तेवढा जिभेवर येईना.

"चा... चावी," ते म्हणाले आणि चूक कळून स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

"असू दे. पुन्हा बघा."

सांगलीच्या कोर्टात देवदत्तांनी उभी हयात जमिनीचे, बांधाचे आणि वाटेचे दावे चालवण्यात घालवली. जिंकले तितकेच हरले. त्यांचं नाव कधी वर्तमानपत्रात आलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. गेल्या वर्षी एका साक्षीदाराचा उलटतपास घेताना प्रश्न अर्ध्यावर राहिला आणि ते टेबलावर कलंडले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचताही यायचं. पण स्वतः बोलायला किंवा लिहायला गेलं की शब्द पाखरांसारखे भुर्रकन उडून जायचे. 'हां' आणि 'नको' एवढेच काय ते हाताला लागायचे. तोंडाचा व्यायाम म्हणून चारुशीलाबाई रोज जेवणाआधी ही चित्रं घेऊन बसायच्या.

फोन वाजला. मयूरीचा होता. पूर्वी ती त्यांच्याकडं ज्युनिअर होती. लग्न होऊन पाटणला गेली आणि तिथल्या कोर्टात उभी राहू लागली.

"काकू, स्पीकर लावा. सरांशी बोलायचंय." तिला धाप लागली होती. "सर, जेवणाची सुट्टी झालीय. हरणाबाईंचा मनाईचा अर्ज आज सुनावणीला निघाला. झऱ्याच्या वाटेचा, मी सांगितलं होतं ना?"

"हां," देवदत्त म्हणाले.

पाटणच्या वर डोंगरात एक लहानशी वाडी होती. वाडीला पाणी एकाच झऱ्याचं. झऱ्याकडं जाणारी वाट ज्या रानातून जायची, ते रान बाहेरच्या कुणीतरी विकत घेतलं आणि सगळीकडून काटेरी तार ओढली. हरणाबाई आणि वाडीतल्या बायका कोर्टात आल्या होत्या त्या यासाठी.

"समोरचे वकील म्हणाले, बायका सांगतात ती पिढीजात वाट तर दरडीखाली गेली. आत्ताची वाट दरडीनंतरची. काल-परवाच्या वाटेवर हक्क कसला? जज्जसाहेबांनी मला विचारलं, वाट बदलली तरी हक्क टिकतो असा निवाडा आहे का? असेल तर सुट्टीनंतर लगेच दाखवा, नाहीतर अर्ज फेटाळावा लागेल."

तिच्या शेजारून दुसराच आवाज आला. "वकीलदादा, मी हरणाबाई बोलतीया. सासूच्या मागनं चालत मी त्या झऱ्याचं पानी आनलंय. दरड काय आमी पाडली व्हय? वाट मोडली म्हनून तहान मोडती का?"

देवदत्त खुर्चीत ताठ झाले. असा निवाडा होता. त्यांनी वाचला होता. डोळ्यांपुढं चित्रसुद्धा आलं: रुंद पात्र, वाळू आणि पाण्याकडं निघालेल्या म्हशी. मग ते चित्र तसंच लोंबकळत राहिलं. त्याला नाव नव्हतं.

"सर, आपल्या साठ्यात असणार," मयूरी म्हणाली. "पण मी कुठल्या शब्दानं शोधू?"

हा साठा दोघांनीच उभा केला होता. मयूरी नवी होती तेव्हा देवदत्तांच्या खोलीत निवाड्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे छताला लागले होते. हे सगळं ऑनलाइन ठेवू, म्हणजे कुठूनही, कुणालाही शोधता येईल, असं तिनं सुचवलं. ते आधी कुरकुरले, मग त्यांना त्याचं वेडच लागलं. रोज संध्याकाळी एकेक निवाडा वाचून ते त्याचं सार सांगायचे आणि ती टाइप करायची. अट एकच होती. "कलमं घाल, इंग्रजी शब्दही घाल. पण खाली पक्षकाराचा शब्द हवा. माणूस 'इझमेंट' म्हणत दारात येत नाही, 'माझी वाट अडवली' म्हणत येतो." म्हणून निवाड्यांना जोडलेले खुणेचे शब्द 'लेकीचा वाटा', 'पाटाची पाळी', 'बांध कोरला' असे होते. पलूसपासून म्हसवडपर्यंतचे बरेच वकील आता तो साठा वापरत होते.

"'वाट' टाकलं, 'पाणी' टाकलं, तर ढीगभर येतंय," मयूरी सांगत होती. "सगळे वाचायला वेळ नाही. 'दरड' टाकलं तर एकही नाही. 'बदललेली वाट' पण टाकून बघितलं."

चारुशीलाबाईंनी तोवर लॅपटॉप उघडला होता. "अहो, सांगा. 'जुनी वाट'?"

"नको."

"'डोंगर'? 'मोडलेली वाट'?"

"नको, नको." देवदत्तांनी डाव्या हातानं टेबलावर बुक्की मारली. रागावले होते ते स्वतःच्याच डोक्यावर. आत सगळं जागेवर होतं, फक्त दार उघडत नव्हतं.

एकाएकी त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि टेबलावर उपडा केला.

"अहो, लॅपटॉप!" चारुशीलाबाईंनी तो झटकन बाजूला ओढला.

मेणकापडावर पाणी पसरलं. देवदत्तांनी बोटानं त्याची एक लांब, वळणावळणाची रेघ ओढली. मग वाटीतले शेंगदाणे घेऊन एकामागं एक, रेघेकडं तोंड करून मांडले.

"शेंगदाणे भिजत घालायचेत का?" बाई गोंधळल्या.

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की बाईंना हसू फुटलं. पण नवऱ्याचे डोळे बघून त्या लगेच गंभीर झाल्या. "मुंग्या? नाही. माणसं? गुरं?"

"हां."

"गुरं पाण्यावर चाललीत."

"हां, हां."

देवदत्तांनी तळव्यानं पाण्याची रेघ ढकलत पार टेबलाच्या दुसऱ्या कडेला नेली. मग शेंगदाण्यांची रांग वळवून तिच्या मागं लावली आणि बायकोकडं बघितलं.

"पाणी सरकलं," चारुशीलाबाई हळूहळू म्हणाल्या. "गुरांची वाटही सरकली. ओढा? नाही, नदी. नदी सरकली."

"हां!"

"काकू, 'नदी' टाकते," फोनवरून मयूरी म्हणाली. कळांची टकटक ऐकू आली. "छे, हेही भरपूर आहेत. पूर आहे, वाळू आहे, शिवेचे वाद आहेत. साहेब बसतील आता."

"थांब जरा." चारुशीलाबाईंचं माहेर भिलवडीचं, कृष्णेच्या काठचं. त्या शेंगदाण्यांकडं बघत राहिल्या. "नदी अशी सरकली की आमचे आजोबा म्हणायचे, कृष्णामाईनं कूस बदल—"

देवदत्तांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"कू," ते म्हणाले. "कूस."

शब्द पुरा आला, स्वच्छ आला. चारुशीलाबाई बघतच राहिल्या. भानावर येऊन त्यांनी घाईघाईनं तो टाइप केला.

पडद्यावर एकच नोंद आली.

"मिळाला, सर." मयूरीनंही तिकडं तोच शब्द टाकला होता. "नदीची कूस. गावची गुरं, पाणवठ्याची वाट, नदीनं पात्र बदललं, तरी हक्क कायम. उच्च न्यायालयाचा आहे. मी झेरॉक्सवाल्याकडं पळते, छापून घेते."

"गावलं का वो बाई?" मागून हरणाबाईंचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

देवदत्तांना आता स्वस्थ बसवेना. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून त्या नोंदीला जोडलेले पुढचे निवाडे बायकोला एकेक उघडायला लावले. नंतर कुणी हा निवाडा मोडीत तर काढला नाही ना, हे बघायचं होतं. कुणी काढला नव्हता. एका निवाड्यात उलट त्याचाच आधार घेतला होता. त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि 'कूस' असं पुन्हा एकदा म्हणून बघितलं. शब्द अजून होता. मग जेवतानाही ते मधेच घास थांबवून तो म्हणत, आणि दर वेळी तो आला की बायकोकडं बघत. चारुशीलाबाईंना मात्र तिकडं काय चाललं असेल या विचारानं भाताची चवच लागली नाही.

उन्हं उतरताना फोन आला.

"सर, तार काढायचा हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही." मयूरीचा आवाज आनंदानं चिरकला होता. "समोरचे वकील बरंच भांडले. पण साहेबांनी तो निवाडा अख्खा वाचला."

"वकीलदादा," हरणाबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला असावा, "उद्या सकाळच्यालाच घागरी घिऊन जानार आमी. तुमी कवातरी या हिकडं. झऱ्याचं पानी लय ग्वाड हाय."

"हां," देवदत्त म्हणाले.

"अजून एक सांगायचंय, सर," मयूरी पुन्हा बोलू लागली. "निवाड्याच्या वर तुम्ही सांगितलेली साराची टीप पण छापून आली होती. साहेबांनी विचारलं, हे मराठी कुणाचं? मी म्हटलं, माझ्या सरांचं, सांगलीला असतात. म्हणाले, मोठ्यानं वाचा. भरल्या कोर्टात वाचली, सर. तशीच वाचून दाखवते."

देवदत्तांनी डावा हात टेबलावर टेकला आणि ते उठू लागले. चारुशीलाबाई आधार द्यायला पुढं झाल्या, पण त्यांचा चेहरा बघून जागीच थांबल्या. ते हळूहळू पुरते उभे राहिले. उजवा हात कडेला लोंबत होता. मान किंचित झुकली होती, कोर्टापुढं झुकते तशी.

"'नदी कूस बदलते, तशी पाणवठ्याची वाट बदलते,'" मयूरी सावकाश वाचत होती. "'गावाचा हक्क पायाखालच्या मातीवर नाही, पाण्यापर्यंत पोचण्यावर आहे. वाट बुडाली म्हणून तो हक्क बुडत नाही.'"

वाचून संपलं. पलीकडून मयूरीनं दोनदा "सर?" म्हणेपर्यंत ते तसेच उभे होते.