डचबाईंच्या कपाळावरचा अंगठा

मी एक जुना कॅनव्हास आहे आणि मला माणसाच्या अंगठ्याची किळस येते. का, ते ऐका मित्रांनो.

तलासरीला चित्रकला शिकवणाऱ्या सुदाम सरांनी मला चौकटीवर ताणून ठोकले, पांढरा लेप दिला, वर तपकिरी रंग फासला आणि वेवजी गावच्या त्यांच्या विद्यार्थिनीच्या, दक्षाच्या हवाली केले. दक्षाला माणसांचे चेहरे रंगवायचे होते. सर म्हणाले, "आधी जुन्या उस्तादाची नक्कल कर. ती जमली की मगच जिवंत माणूस समोर बसव." नक्कल होती चारशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकाराने काढलेल्या म्हातारीची. डोक्याला पांढरे फडके, एका गालावर उजेड, बाकी सगळा अंधार.

दक्षाची आई तुळशी येता-जाता डोकावायची. "ही परकी म्हातारी किती दिवस ठाण मांडणार? मला कधी काढशील, मेल्यावर?"

"हिची संपू दे गं आये. मग तूच."

अंधार पातळ ठेवायचा, उजेड जाड लावायचा, हे हळूहळू दक्षाच्या हाताला कळले. पण रंगात मिसळायचे अळशीचे तेल संपले तेव्हा तिने घरातले खुरासणीचे तेल रंगात घातले. सरांनी वास घेतला. "चेहरा रंगवतेस की भाजी फोडणीला टाकतेस? हे वाळता वाळणार नाही. आता कोणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात शेजारच्या हॉलमध्ये कार्यक्रम निघाला. शोभेला काहीतरी हवे म्हणून मला उचलून स्टेजवर मांडले. रंग ओला आहे, दक्षा सांगत राहिली. ऐकतो कोण. पाहुणे म्हणून एक पुढारी आले. चपला काढून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

"ह्या कोण?"

"डच आहेत," दक्षा म्हणाली.

"डचबाई. बरं. कधी गेल्या?"

"चारशे वर्षं झाली."

"वाटत नाही," पुढारी म्हणाले. मग कुंकवात अंगठा बुडवून त्यांनी तो म्हातारीच्या ओल्या कपाळावर दाबला. वर झेंडूचा हार. टाळ्या, फोटो. अख्ख्या हॉलमध्ये एकानेही चित्राकडे पाहिले नाही. अंगठा घामट होता. मला ओकता येत नाही, नाहीतर त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओकलो असतो.

कार्यक्रम संपल्यावर मला हॉलच्या भिंतीवर उंच टांगले. दुसऱ्या दिवशी दक्षा मला न्यायला आली, तर हॉल सांभाळणारा रघ्या आडवा आला. "हार पडलेला फोटो खाली उतरवतात का पोरी? पाप लागेल."

दक्षा खुर्चीवर चढली. "ही कुणाची मेलेली नाही, रघ्याकाका. हिचं नाक अर्धं राहिलंय. ते पुरं झाल्याशिवाय माझ्या आईचा नंबर लागत नाही."

तिने हार ओढला. गालावरचा उजेड झेंडूला चिकटून निघून आला. घरी येऊन तिने सुरीने सगळा चेहरा खरवडला. मला लागले, पण बरे वाटले, कारण त्याबरोबर तो अंगठाही गेला. मग पुन्हा अंधार, पुन्हा उजेड, आणि या खेपेला अळशीचे तेल.

सरांनी बराच वेळ पाहिले. "आईला बोलाव," एवढेच म्हणाले.

आता मी भिंतीला टेकून उभा आहे. समोर खुर्चीत तुळशी बसली आहे, नाकावर माशी बसली तरी हलत नाही. मित्रांनो, चित्राला हार घालू नका, बोट लावू नका. समोर उभे राहा आणि नुसते बघा. तेवढेही जमत नसेल तर बाहेर चहा ठेवलाय, तो प्या.