लाल डबीतली काडतुसं

यम्नाच्या हातात लाल डबी दिसली आणि अपर्णाच्या तोंडचं पाणी पळालं.

रास अल खैमाच्या डोंगरांखालच्या त्या शूटिंग क्लबात मॅच चालू होती. टीममध्ये एकच जागा उरलेली, आणि तिच्यासाठी दोन पोरी भिडलेल्या. एक अपर्णाची अस्मी, दुसरी मुश्ताकभाईंची यम्ना. अस्मीचा फेरा चांगला झाला होता, पण यम्ना तिच्याहून चपळ. आता ती डबीतली काडतुसं अंगठ्यानं मॅगझीनमध्ये दाबत होती, भराभर.

"ती डबी तिच्याकडं कशी?" अपर्णानं अस्मीला विचारलं.

"शी वॉज शॉर्ट, मॉम. तिचे राउंड्स वाळूत सांडले. अंकलनी मागितले, मी तुझ्या बॅगेतून दिले. व्हाय?"

"काही नाही."

काही नाही म्हणे! त्या डबीतलं एखादं काडतूस पोरीचा हात फोडू शकतं, हे जगात एकट्या अपर्णाला ठाऊक होतं.

काडतुसं अपर्णाच भरायची. क्लबात त्यासाठी वेगळी खोली, आणि खोलीची किल्ली मुश्ताकभाईंकडं. माणूस श्रीवर्धनचा, धंदा टाइल्सचा, पण त्या खोलीत पीरच जणू. आत एका वेळी एकच जण. बोलायचं नाही. फोन बाहेर. मशिनचा दांडा ओढला की गोल प्लेट फिरते, काडतुसाच्या एका रिकाम्या पुंगळीत पावडर पडते, पुढचीवर गोळी बसते. लक्ष उडालं तर प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या पालथ्या करायच्या, कारण कुठली रिकामी राहिली ते नंतर कुणाच्या बापाला कळत नाही. "भाभी, इथं अंदाज चालत नाय," ते म्हणायचे. "फोन आत दिसला तर किल्ली खलास."

आणि अपर्णानं फोन आत नेला होता. कमरेला, ओढणीखाली. फुजैराच्या घरून नवऱ्याचा, सूर्यकांतचा फोन आला. संसाराला इतकी वर्षं झाली, तरी या माणसाला घरातली एक वस्तू सापडत नाही. "अगं, कुकरची शिट्टी कुठंय?" एवढ्यासाठी! तिनं फोन खांद्यात धरला, त्याला झापत झापत दांडा ओढत राहिली, आणि मधेच लक्षात आलं की मघाशी कधीतरी प्लेट अर्ध्यातच अडकली होती. कधी? कितीदा? देव जाणे.

तेवढी काडतुसं तिनं लाल डबीत वेगळी काढली. वजन करून पाहिलं, पण व्यर्थ. पुंगळ्यापुंगळ्यांतच इतका फरक असतो की चिमूटभर पावडर असली काय, नसली काय, काटा सांगत नाही. खरा उपाय एकच, हातोडीनं ठोकून एकेक उघडायचं. पण त्या ठोक्यांचा आवाज बाहेर जातो. बाहेर मुश्ताकभाई. म्हणजे प्रश्न, म्हणजे किल्ली गेली, आणि अस्मीची सगळी काडतुसं बाद. तिनं डबी बॅगेत टाकली. नंतर बघू. मुश्ताकभाईंनी दारात विचारलंही होतं, "फोन नव्हता ना आत?" ती हसून म्हणाली होती, "छे हो!"

ते 'नंतर' आता आलं होतं.

पावडर नसलेली गोळी नळीत अडकते. आवाज फुसका येतो, पण घाईत मारणाऱ्याला कळायच्या आत पुढची गोळी सुटते, तिच्यावर आदळते, आणि पिस्तूल हातातच फुटतं. अपर्णाला हे पाठ होतं. तरी तिची जीभ हलेना. डोक्यात दुसरंच काही चाललेलं. ते सांगायलाही लाज वाटावी असं. एखादी फुसकी निघाली तर यम्ना तिथंच अडकेल, फेरा बाद, अस्मी टीममध्ये. हात काही फुटणार नाही. रेफरी फहद आहेच की, थांबवेल तो.

टायमरची बीप वाजली.

ठाण. ठाण. प्रत्येक आवाजाला अपर्णाला वाटायचं, बघ, नीट आहेत सगळी, उगाच घाबरलीस. यम्ना पळत दुसऱ्या निशाणांकडं वळली. ठाण. ठाण.

शेजारी उभ्या मरियमबीनं, यम्नाच्या आईनं, तिचा हात घट्ट धरला. "माझा तर जीव थाऱ्यावर नसतो गो. पन आज तुज्या हातची काडतुसं हायत, मंग मला फिकीर नाय."

"थांबव!" अपर्णा किंचाळली. "फहद, स्टॉप! यम्ना, थांब!"

फहदनं हात वर केला. यम्नानं पिस्तूल खाली केलं, गोंधळून मागं पाहिलं.

मग अपर्णानं सगळ्यांसमोर सांगितलं. फोन, कुकर, प्लेट. बघे हसले नाहीत. मुश्ताकभाई उरलेली काडतुसं घेऊन खोलीत गेले. ठोके बाहेर ऐकू येत राहिले. परत आले तेव्हा तळहातावर एक उघडलेली पुंगळी. आत काही नाही. कोरडी ठणठणीत.

"हे मॅगझीनमधनं निघालं," ते म्हणाले. "भाभी, किल्ली तुम्हाला आता मिळायची नाय. अस्मीचा स्कोअर पन जाणार, सगळी काडतुसं एकाच हातची. पन स्वतःच्या पोरीचं नुकसान करून तुम्ही माझी पोर वाचवलीत. अल्ला तुमचं भलं करो."

लोक येऊन पाठ थोपटून गेले. अशी हिंमत लागते, वगैरे. प्रत्येक थाप तिला मुस्काटात बसल्यासारखी लागली.

यम्नानं दुसऱ्यांच्या काडतुसांवर फेरा पुन्हा मारला आणि जागा घेतली.

पार्किंगमध्ये अस्मी गाडीला टेकून उभी होती. रडली नव्हती. "मॉम, यू सॉ द बॉक्स बिफोर द बीप."

"अस्मी, अगं..."

"तू मला विचारलंस ना, डबी तिच्याकडं कशी? देन यू सेड, काही नाही. इफ इट वॉज मी, वुड यू वेट?"

अपर्णाकडं उत्तर होतं. म्हणूनच तिनं घाईनं गाडीचं दार उघडलं.

तेवढ्यात मरियमबी धापा टाकत आली. मागून यम्ना, मेडल गळ्यात. मरियमबीच्या हातात सांदणांचा डबा. "अगो, न खाता कुठं चाललात? तू आज माझ्या बहिनीच्या जागी..."

"मरियमभाभी, मला आधीच माहीत होतं," अपर्णा म्हणाली. "ती मॅगझीन भरत होती तेव्हाच. मी गप्प बसले."

"कशाला?"

"अस्मीला जागा मिळावी म्हणून."

मरियमबीला आधी कळलंच नाही. जणू समोरची बाई मराठी सोडून भलतीच कुठली भाषा बोलली. मग तिनं मागं हात करून यम्नाचा उजवा हात शोधला, बोटं चाचपली, लहान लेकराची चाचपावीत तशी.

"आंटी?" यम्ना पुटपुटली.

"चल," मरियमबी लेकीला म्हणाली. डबा तिच्याच हातात राहिला. "अब्बाला मी सांगते. तू गाडीत बस."