म्हातारी आणि पांढरी

"पू कापा, उठा आता. लोक बघतायत," रुआता खालच्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. सोयरीक करताना लोक घराणं बघतात, मी पाठ टेकून बघतोय."

कापलियाना जुन्या जीपच्या मागच्या भागात उताणा पडला होता. त्याला सगळं गाव पू कापा म्हणे. पू म्हणजे काका, आजोबा आणि साहेब, तिन्ही एकदम. जीपमधली बाकं त्याने स्वतःच खोलून बाहेर ठेवली होती. एका बाकाला चार बोल्ट, त्यातला डावीकडचा हट्टी, त्याला आधी एक टोला हाणायचा आणि मग पाना लावायचा. जीप विकून सात वर्षं झाली, तरी हाताने एकही गोष्ट विसरली नव्हती.

ऐझॉलच्या उतारावर ह्मिंगा नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. ओल्या सुपारीचा तोबरा सावरत तो जवळ आला. "पू, तुमचीच गाडी तुम्हीच तपासताय? हिचं काय बघायचं राहिलंय?"

"सासरी नांदलेली पोर परत आली की आई बघतेच ना नीट," कापा म्हणाला. रुआता हसला, पण म्हाताऱ्याचे डोळे भरलेले त्याला दिसले.

गोष्ट अशी होती. रुआलतुई गावाला गाडी घ्यायची होती. आजाऱ्याला ऐझॉलला न्यायचं आणि कोणी बाहेर वारलं तर त्याला घरी आणायचं, ही दोन्ही कामं गावातल्या तरुणांच्या संघाची, आणि रुआता त्या संघाचा अध्यक्ष. पोरांनी दोन वर्षं लाकडं फोडली, रस्त्याच्या कामावर दगड वाहिले, तेव्हा कुठे ही वेळ आली. ह्मिंगाकडे दोन गाड्या होत्या. एक कापाची जुनी जीप, जिला गाव म्हातारी म्हणे. दुसरी चार वर्षं वापरलेली, पांढरी, जाड टायरांची, आत गुबगुबीत खुर्च्यांची. तिच्याविषयी बोलताना ह्मिंगा 'एसयूव्ही, एसयूव्ही' असं इतक्या वेळा म्हणाला, की जणू ते तिचं माहेरचं नाव असावं.

गावाचं मत केव्हाच ठरलं होतं. म्हातारीत सहा फुटी माणूस सरळ झोपतो. पांढरीच्या खुर्च्या कितीही दुमडल्या तरी मध्ये उंचवटा राहतोच, आणि शवपेटी तिरकी ठेवावी लागते. शिवाय गावातले पंचवीस-तीस मृत म्हातारीतूनच घरी आले होते. आपला बाप ज्या गाडीतून आला तिच्यातूनच आपणही यावं, असं सगळ्यांना वाटे. नर्स पी झोदिनी (बाईमाणसाला पू नाही, पी म्हणतात) तेवढी भर सभेत कडाडली होती, "मेल्यावर कसं यायचं याची केवढी ती काळजी! जिवंतपणी कसं जायचं ते बघा की मेल्यांनो!" त्यावर हशा झाला आणि शेवटी गाव म्हणालं, पू कापाला विचारा. तीस वर्षं ऐझॉलच्या रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस तो. तो म्हणेल ती.

आज शनिवार होता. उद्या रविवारी, चर्चच्या दिवशी, रस्त्यावर चाक फिरायचं नाही, म्हणून काय ते आजच ठरायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर कापाचं ठरलेलंच होतं. म्हातारी परत दारात उभी राहणार म्हणून त्याला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं.

"रुआता, तू चालव," तो पडल्या पडल्या म्हणाला. "दगडाच्या खाणीपर्यंत जाऊन ये. मी असाच पडतो. आजारी माणूस असाच पडणार ना?"

म्हातारी खोकली, हलली आणि उताराला लागली. कापाने समाधानाने डोळे मिटले. गियरचा तो कुरकुराट, दाराची ती टकटक, सगळं ओळखीचं होतं. आणि मग पहिला खड्डा आला.

त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. पाठोपाठ दुसरा खड्डा, मग दगडांचा पट्टा. एकेक दणका कंबरेतून दातांपर्यंत चढत होता. धरायला काही नव्हतं. पुढे बसल्यावर माणसाच्या हातात निदान स्टीअरिंग असतं. तीस वर्षं या गाडीत काढली, पण मागे आडवं पडून तो कधी चार हातसुद्धा गेला नव्हता.

छताला एक तपकिरी डाग होता, आंब्याच्या कोयीएवढा. कापाने तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सियामीने मात्र तो पाच तास पाहिला असणार.

सियामी त्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी सकाळच्या जेवणानंतर तिच्या पोटात कळ उठली. दुपारपर्यंत पोट लाकडासारखं कडक झालं, आणि पी झोदिनी म्हणाली, संध्याकाळच्या आत ऐझॉल गाठा. बाकं काढून तिला इथेच, याच जागी झोपवलं. तिचा भाऊ आणि भावजय उशाशी बसले. कापा चालवत होता. जपून चालवलं तर उशीर होत होता, जोरात चालवलं तर ती कण्हत होती. मध्येच ती विचारायची, "किती राहिलं?" तो म्हणायचा, "दोनच गावं." सहा राहिलेली असतानाही दोनच आणि चार राहिलेली असतानाही दोनच. नंतर नंतर तिने विचारायचं सोडलं. थिंगलियान गाव मागे पडलं आणि भावजयीने पुढे हात घालून त्याच्या खांद्याला नुसता स्पर्श केला. ऐझॉल तेव्हा तीन गावांवर होतं.

खाणीपाशी गाडी थांबली. "पू कापा?" रुआताने मागे वळून विचारलं. "लागलं का?"

"नाही. परत फिरव."

नंतर तो पांढरीत आडवा झाला. खुर्च्या दुमडून, उंचवट्यावर घोंगडी टाकून, गुडघे पोटाशी घेऊन. तोच रस्ता, तेच दगड. गाडी नुसती डुलत होती. खाणीपर्यंत एकदाही त्याचं डोकं आपटलं नाही. रुआता मध्येच म्हणाला, "पू, झोप लागली का काय?" कापा जागा होता. तोंड खिडकीकडे करून तो रडत होता.

दुकानात आल्यावर त्याने खाली उतरून कपडे झटकले. "ही पांढरी घे."

रुआता बघतच राहिला. "अहो, पण गावाला काय सांगू? शवपेटी सरळ बसत नाही हिच्यात."

"मेलेल्याला कसली घाई रे? त्याला तिरका आणू, ट्रकातून आणू, तेही नाही जमलं तर तुम्ही पोरं खांद्यावरून आणा. आमचे बाप तसेच आले. जिवंत माणसाला सांग गुडघे मोडायला, तो मोडेल. फक्त लवकर पोचव." मग ह्मिंगाकडे वळून म्हणाला, "पाना दे. म्हातारीची बाकं मी बसवून देतो. दुसऱ्याने बसवली की डावा बोल्ट सुटतो."

त्याने आठही बोल्ट आवळले, फडक्याने दार पुसलं. निरोप वगैरे काही घेतला नाही. फडकं मात्र खिशात घातलं.

परतीच्या वाटेवर पाठ दुखते म्हणून तो पांढरीच्या मागच्या खुर्चीत बसला. ऐझॉल मागे पडलं. मग कापाच बोलू लागला, खिडकीबाहेर बघत.

"सियामीला परत मीच आणलं, माहीत आहे तुला?"

"तुम्ही? पण घरच्यांनी तर अशा वेळी कशालाच हात लावायचा नसतो."

"नसतोच. पण पाऊस होता, दरड आली होती, तिच्या भावाला चालवता येत नव्हतं. दुसऱ्याला बोलवायचं तर थांबावं लागलं असतं. आणि मला मागे बसवेना रे. मी म्हणालो, मीच नेतो." तो थोडा थांबला. "बातमी आमच्या पुढे गेली होती. थिंगलियानपासून सहा गावं लागली वाटेत. रिवाजच तो, गाव गाडी थांबवणार, प्रार्थना करणार, घरच्यांचा हात हातात घेणार. प्रत्येक ठिकाणी लोक विचारायचे, घरचे कोण? मी म्हणायचो, मागे आहेत. सगळे मागे जायचे. पावसात, अंधारात, चालवणाऱ्याचं तोंड कोण बघतो?"

"तुम्ही सांगायचं ना!"

"काय सांगणार? एक पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर. एका आजीबाईने मला बिडी दिली आणि म्हणाली, पोरा, सांभाळून ने हो त्यांना." कापा हसला. "नेलं की सांभाळून. घरी पोचलो तोवर गावाने सगळं हातात घेतलं होतं, माणसांची रीघ होती. तेव्हाही माझे हात स्टीअरिंगवरच असल्यासारखे होते, कोणी धरले तरी कळेना. हे सगळं फक्त त्या जीपला ठाऊक होतं, म्हणून ती परत हवी होती मला."

तासाभराने थिंगलियान आलं. गावाच्या तोंडाशी चहाचं एक टपरीवजा दुकान आहे, त्याच्यासमोर रुआताने गाडी बाजूला घेतली.

"चहा नको मला," कापा म्हणाला. "ऊन आहे तोवर पुढे जाऊ."

रुआता उतरला, वळसा घालून आला आणि त्याने मागचं दार उघडलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग कापाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून तसाच उभा राहिला.

"अरे, हे काय करतोयस?" कापा म्हणाला. हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही.

दुकानातली बाई किटली ठेवून बाहेर आली. असा हात कधी धरतात हे या डोंगरात पोरासोरांनाही कळतं. तिने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"पू कापांची बायको," रुआता म्हणाला.

"अरेरे. कधी?"

"अकरा वर्षं झाली."

बाईने एकदा रुआताकडे आणि एकदा मागच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. कमरेच्या वस्त्राला ओले हात पुसले आणि रुआताच्या शेजारी येऊन तिनेही हात पुढे केला. कापाने तो धरला.

थोड्या वेळाने रुआता परत पुढे जाऊन बसला आणि त्याने गाडी सुरू केली.

"किती राहिलं?" कापाने मागून विचारलं.

"पाच गावं, पू," रुआता म्हणाला, आणि पुढचं गाव येताच त्याने गाडीचा वेग कमी केला.