उजेडाची खोली

खेमसिंग खोलीत शिरला, सरळ खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मानीबाई उंबऱ्यातच घरमालकाशी भाड्याचं बोलत होती. दोन मिनिटांत तो परत आला.

“नाही जमत.”

“अहो, साडेपाचशेत एवढी खोली!”

“नाही जमत म्हणजे नाही.”

सकाळपासूनची ही तिसरी. त्या वर्षी कापूसच येईना, म्हणून जिनिंगचा हंगाम तीन महिन्यांत आटोपला आणि रुईच्या गठाणी उचलणारा खेमसिंग घरी बसला. नशिबाने यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम मिळालं. पण बोरी अरबजवळच्या तांड्यावरून रोज यायचं, तर पगाराचा तिसरा हिस्सा एसटीच्या तिकिटातच जाई. म्हणून सुट्टी आली की लहानग्या ओमला आजीपाशी ठेवून नवरा-बायको यवतमाळात खोली शोधत फिरत. शिवायला आलेले ब्लाऊज मानीबाईच्या पिशवीत असत. गाडीत जागा मिळाली की तिची तुरपाई सुरू. रस्ता बरा असला की काजं करायची, खड्डे लागले की नुसते हूक मोजायचे.

एक गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती. बोरीची धुरपताबाई मानीबाईचं शिलाई मशीन पंधराशेला विकत घ्यायला तयार होती. खोलीच्या अ‍ॅडव्हान्सची सोय झाली असती. तसंही लोकांनी नवे कपडे शिवणं कमीच केलं होतं.

चौथ्या खोलीत मात्र ती त्याच्या मागोमाग आत गेली. खेमसिंग खिडकीशी एक डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून सुईत दोरा ओवत होता.

“हे काय करून राह्यले?”

तो दचकला. “उजेड पाहून राह्यलो.”

“कायचा उजेड?”

“तांड्यावर तू दारात बसून शिवतं. इथं दार लावूनच बसा लागीन. सुईत दोरा जाईना, अशी खोली कायले घ्याची?”

मानीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडावर धरला तरी आवरेना.

“अहो, पण तुमाले भर उन्हात तरी दोरा ओवता येते का?”

खेमसिंगने सुईकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं.

“हे ध्यानातच नाही आलं मले.”

“आना इकडं. आता मी पाहतो.”

सुई पदराला टोचून ती जिना उतरली. धुरपताबाईला तिने मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं होतं.

पाचवी खोली इंदुताईंच्या घरामागे, वरच्या मजल्यावर होती. पश्चिमेचं ऊन थेट भिंतीपर्यंत आलं होतं. मानीबाईने दोरा पहिल्याच फटक्यात ओवला.

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या इंदुताईंचं सगळं काम कागदावर. भाडं सातशे, अ‍ॅडव्हान्स दोन हजार.

“आठशे आता घ्या,” मानीबाई म्हणाली. “बाकीचे दर महिन्याले दोनशे.”

इंदुताईंनी खेमसिंगला विचारलं, “पगार किती तुम्हाला?”

“अठराशे.”

“मग कसं भागवणार?”

“दोनशे माह्ये हायेत,” मानीबाईच बोलली. “मी ब्लाऊज शिवतो.”

“गावातलं वेगळं हो. इथे कोण ओळखतं तुम्हाला?”

मानीबाईने पिशवीतून एक ब्लाऊज काढला, उलटा केला आणि टेबलावर ठेवला. इंदुताईंनी चष्मा वर सारला. आतल्या शिलाईवरून त्यांचं बोट हळूहळू बगलेपर्यंत गेलं, तिथे थांबलं, परत फिरलं. कुठे एक धागा सुटलेला नव्हता.

त्यांनी भाडेकराराचा कागद पुढे ओढला.

“नाव सांगा.”

खेमसिंगने घसा खाकरला. “खेमसिंग हिरासिंग राठोड.”

इंदुताईंचं पेन हललं नाही.

“तुमचं नाही हो. यांचं.”

खेमसिंगच्या तोंडभर हसू पसरलं. बाजूला सरकून त्याने मानीबाईला टेबलाजवळ जागा करून दिली.