तेलाच्या दिव्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझे बोलणे गोड लागले नाही तर तुम्ही नाक मुरडणार नाही.

मी टेबलावरचा दिवा नव्हे, रस्त्यावरचाही नव्हे. गाडी चालवणाऱ्याच्या समोर, काचेमागे काटे आणि आकडे असतात. तिथे खालच्या कोपऱ्यात मी राहतो. आकाराने वाटाण्याएवढा. माझ्यावर तेलाच्या झारीचे चित्र आहे आणि तिच्या तोंडातून एक थेंब गळतो आहे. चावी फिरवली की मी लाल पेटतो, इंजिन सुरू होऊन त्यात तेल फिरू लागले की विझतो. त्यानंतर मी पुन्हा पेटलो, तर इंजिन कोरडे पडत आहे असे समजायचे आणि गाडी थांबवायची. पुढच्या वळणावर नाही, घरी पोचल्यावर नाही. तिथल्या तिथे.

माझा पहिला मालक छापखान्यात काम करायचा. एकदा भर दुपारी कसलासा दगड खालून लागला, तेल गळू लागले आणि मी पेटलो. त्याने त्याच क्षणी गाडी बंद केली आणि कागदाचे गठ्ठे तसेच सोडून तो मिस्त्री शोधायला पायी निघाला. दुरुस्ती झाल्यावर त्याने रुमालाने माझ्यावरची काच पुसली आणि "शाबास रे बाबा" एवढेच म्हणाला. त्या तीन शब्दांवर मी कित्येक वर्षे काढली.

मग मी एका फरशीच्या ठेकेदाराकडे आलो. तो गाडीत फरश्या भरायचा, त्याही दुप्पट. तेल बदलायचे असते हे त्याच्या गावीही नव्हते. मी पेटलो की तो शेजारच्याला म्हणायचा, "ही बघ चहाची किटली पेटली. गाडीला चहा पाहिजे." सगळे खो खो हसायचे आणि गाडी पुढे जायची. शेवटी माझा लाल रंग त्याच्या डोळ्यांत खुपू लागला, तेव्हा त्याने माझ्यावर हसऱ्या तोंडाचा एक कागद चिकटवला. त्याच्यामागे मी रोज जीव तोडून पेटत राहिलो आणि पलीकडे इंजिन आतून झिजत गेले.

इथवर मी दुःखी होतो. राग आला तो यानंतर.

ठेकेदाराने गाडी जुन्या गाड्यांच्या दलालाला विकली. दलालाने इंजिनाची टकटक ऐकली आणि दोन कामे केली. इंजिनात काकवीसारखे दाट तेल ओतले, म्हणजे थंड असताना आवाज दबून जावा. मग काच उघडून तो हसरा कागद काढला. मला वाटले, चला, कोणीतरी शहाणा भेटला. पण त्याने माझी इंजिनाकडे जाणारी तार कापली आणि शेजारच्या बॅटरीच्या दिव्याच्या तारेला जोडून दिली. तो दिवाही चावी फिरवली की पेटतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. आता शेजारी पेटला की मी पेटणार, तो विझला की मी विझणार. इंजिनाशी माझे बोलणेच बंद. मला नुसते गप्प केले असते तरी मी सोसले असते. त्याने मला खोटे बोलायला लावले. मित्रांनो, अजूनही आठवले की तळपायाची आग मस्तकात जाते.

आठ दिवसांत गिऱ्हाईक आले. ती एक मावशी होती. सख्खी कोणाची नव्हे, पण गल्लीतली मुले तिला मावशीच म्हणायची. टेकडीवरच्या शाळेत अकरा मुलांना ने-आण करायचे काम तिला मिळाले होते आणि शाळा पुढच्या सोमवारी उघडणार होती. सोबत तिचा थोरला भाऊ होता. त्याला गाड्यांतले सगळे कळते, असे त्याचेच म्हणणे होते. त्याने चाकांना लाथा मारल्या, दार दोनदा आपटले आणि चावी फिरवली. मी पेटलो. इंजिन सुरू झाले, मी विझलो. "तेलाची बाजू साफ आहे," तो छाती ठोकून म्हणाला. दलाल साळसूदपणे मान डोलावत उभा होता.

दोन दिवसांनी मावशी सरावासाठी टेकडीवर जाऊन आली. अर्ध्या तासाने दाट तेल तापून पातळ झाले आणि टकटक सुरू झाली. भाऊ म्हणाला, प्लग खराब असतील. प्लग बदलले. मग म्हणाला, पेट्रोल भेसळीचे असेल. दुसऱ्या पंपावरचे भरले. मग पट्टा बदलला, हवेची जाळी बदलली. आवाज जसाच्या तसा. मावशीने तेलाचे काय म्हणून विचारले, तर त्याने माझ्याकडे बोट दाखवले. दिवा विझलेला आहे ना, मग तेलाचे नाव कशाला काढतेस, असे म्हणून त्याने तिलाच वेड्यात काढले. माझी साक्ष काढून तो चुकीच्या वाटेने चालला होता आणि मला एकदा लुकलुकताही येत नव्हते.

गुरुवारी मुले गाडी बघायला आली. सगळी आत चढली, भोंगा वाजवून झाला. मावशीने गाडी सुरू करून त्यांना एकेक दिवा समजावून सांगितला. माझ्यापाशी येऊन ती म्हणाली, "हा विझलेला असला की आपल्याला काही भीती नाही." अकरा तोंडे माझ्याकडे बघत होती आणि मी विझलेला होतो. त्या दिवशी मला त्या दलालाइतकाच माझाही राग आला.

पण मावशीचे मन खात होते. शुक्रवारी भावाला न सांगता ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकले. आवाज तेल कमी पडल्याचा होता. त्याने आत डोकावून माझ्याकडे पाहिले. मी विझलेला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने इंजिन बंद करायला लावले, चावी नुसतीच फिरवून ठेवायला सांगितली आणि तो पुढे जाऊन वाकला.

"तेलाचा दिवा पेटलाय?"

"पेटलाय," मावशी म्हणाली.

त्याने माझ्या तारेचे टोक इंजिनावरून उपटून काढले. "आता विझला?"

"नाही."

"नीट बघा."

"पेटलाच आहे हो."

मिस्त्री सरळ झाला. "तार माझ्या हातात आहे. मग हा कोणाच्या जिवावर पेटलाय?"

मावशीला काही कळेना. मिस्त्रीने काच उघडली. धुळीने माखलेल्या तारांमध्ये नवी कोरी काळी चिकटपट्टी चमकत होती. त्याने तो जोड तोडला, माझी तार मला परत दिली आणि इंजिन सुरू केले. मी पेटलो आणि पेटलेलाच राहिलो. किती वर्षांचे साठलेले एका दमात बोललो. मिस्त्रीने लगेच इंजिन बंद केले. आठ-दहा फेऱ्यांत ते चालता चालता जाम झाले असते, म्हणाला, आणि टेकडी उतरताना झाले असते तर स्टिअरिंग आणि ब्रेक दगडासारखे जड. मावशी गाडीच्या पायरीवर बसली. अकरा मुलांची नावे ती एकेक करून पुटपुटत होती.

शनिवारी ती दलालाच्या दारात उभी राहिली. भाऊ बरोबर होता, पण आज त्याची छाती जागेवर होती. दलालाने आवाजही चढवला नाही. गाडी परत आणा, दुसरी घेऊन जा, म्हणाला. भाऊ हळूच म्हणाला, घेऊन टाक, सुंठीवाचून खोकला गेला. मावशीलाही ते पटत आले होते. तेवढ्यात दलाल म्हणाला, "ही काय, आठवड्यात खपेल."

"कोणाला?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

मावशीचा चेहरा लालबुंद झाला. "ही गाडी आता दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडणार नाही. इंजिन तुम्ही करून द्यायचं, माझ्या मिस्त्रीकडे, माझ्यासमोर. नाहीतर ती चिकटपट्टी घेऊन अकरा घरांचे आईबाप सोमवारी या दारात उभे करते."

दलालाने हात झटकून पाहिले, गयावया करून पाहिले. ती जागची हलली नाही. शेवटी तो कबूल झाला.

काम बारा दिवस चालले. तेवढे दिवस मावशीने मुलांच्या घरच्यांची बोलणी खाल्ली, दोन घरांनी मुले दुसऱ्या गाडीला लावली. सुरुवातीला अकरा होती, ती नऊ उरली. गाडी का थांबली होती, ते त्या दोन घरांना सांगायला ती अजूनही गेलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे दिवे तुमच्याही गाडीत आहेत. मोठी माणसे आम्हाला हसतील, झाकतील, आमच्या तारा कापतील. तुम्ही चावी फिरवताना बघत जा आणि विचारत जा. मी पेटलो तर गाडी थांबवायला सांगा. आणि चावी फिरवल्यावरही मी कधीच पेटत नसेन, तर गाडीत बसायच्या आधी सांगा.