तरुण पुरुषांची रेघ

प्रांताच्या सांख्यिकी कार्यालयातून आमच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीचा तिमाही तक्ता परत आला, तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, "वीस ते पस्तीस, पुरुष, मृत्यू. आकडा चुकलाय. तपासून पुन्हा पाठवा." दुसऱ्याची चूक सापडली की मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं, हा माझा स्वभाव. आणि हा तक्ता माझा नव्हताच, रजेवर गेलेल्या ल्यूबाचा होता. म्हटलं, बरी सापडलीस बये, झोपेत शून्य वाढवलंस वाटतं.

मी मृत्यूच्या दाखल्यांचे गठ्ठे काढले आणि एकेक मोजायला बसले. दुपारपर्यंत चूक सापडली नाही. चहा घेतला, पुन्हा मोजलं. संध्याकाळ झाली तरी सापडली नाही. ल्यूबाने एकही शून्य वाढवलं नव्हतं.

बुडाला. गोठला. गळफास. भोसकलं. जळाला, सिगारेट पेटती ठेवून झोपला. विषारी स्पिरिट. हृदय बंद पडलं. अहो, सव्विसाव्या वर्षी हृदय बंद? आणि एकाचं नाही, पानामागून पान तेच! निम्म्या आडनावांची घरं मला माहीत होती. कामा नदीकाठचं एका कारखान्याचं गाव आमचं, इथे परका असा कोण असतो?

"रिम्मा, घरी जायचं नाही का?" आमच्या मोठ्या बाई, कापितोलिना येगोरोव्हना, कोट चढवत आत आल्या.

"बाई, आकडा बरोबर आहे."

"वेड लागलंय का तुला? ही माणसं आहेत की माशा?"

त्यांनी कोट काढला आणि त्याही बसल्या. आम्ही कपाटातून जुनी वर्षं काढली. दहा वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवला, तर यंदाचा तिपटीहून जास्त. मग आणखी मागे गेलो, पार युद्ध संपलं तिथपर्यंत, आणि आलेखाच्या कागदावर रेघा ओढल्या. म्हाताऱ्या बायकांची रेघ सरळ. तरुण बायकांची सरळ. तरुण पुरुषांची युद्धानंतर हळूहळू उतरत आली होती, मध्येच एकदा आणखी खाली बसली होती, आणि आता शेवटच्या तीन वर्षांत भिंतीवर चढल्यासारखी उभी गेली होती.

"ही मध्ये खाली का बसलीय गं?" बाईंनी बोट ठेवलं.

"पंच्याऐंशीनंतरची वर्षं. सरकारने दारूला लगाम घातला होता ना, दुपारनंतर मिळायची, तीही रांगेत उभं राहून."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आणि आपण किती शिव्या घातल्या होत्या तेव्हा!"

त्यांचे वडील युद्धात गेले, त्या कुशीत होत्या तेव्हा. त्या उभ्या रेघेवरून बोट फिरवत त्या माझ्यावरच खेकसल्या, "युद्ध चालू आहे का इथे? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

तक्त्यावर "तपासलं, बरोबर आहे" असं लिहून मी निघाले. घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझा रोद्या. रोद्यॉन माझा धाकटा भाऊ, यंदा तिसावं लागेल. आई-वडील गेल्यावर मीच त्याला वाढवलं. बाटली लागली तेव्हा मारलं, पाया पडले, कोंडून ठेवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी नववर्षानंतर त्याला शहरातल्या एका डॉक्टरकडे नेलं. आमच्याकडे पिणाऱ्यांना दारूपासून असं 'बांधून' देतात, मरणाची भीती घालून. डॉक्टरने दंडात सुई टोचली, कपाळ धरून डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाला, "तीन वर्षांत एक घोट जरी घेतलास तरी हृदय जागच्या जागी थांबेल. समजलं? कर सही." रोद्या पांढराफटक पडला आणि त्याने सही केली.

तेव्हापासून माणूस बदलला. अंगावर मांस आलं, गळका नळ दुरुस्त केला, अंघोळ करताना गायला लागला, आणि आवाज तर असा की शेजारीण भिंत बडवायची. बाटली घेतलेला माणूस दिसला की हा रस्ता ओलांडायचा. मी त्या डॉक्टरच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावत होते.

घरात शिरले तर रोद्या बूट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेला.

"ताई, गेरा गेला."

गेरा म्हणजे गेर्मान. रोद्याचा पहिलीपासूनचा मित्र, कारखान्यात शेजारच्याच लेथवर. टपरीवरचं प्लास्टिकच्या बाटलीतलं परदेशी स्पिरिट प्यायला होता. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? गेराची नोंद पुढच्या तिमाहीच्या तक्त्यात जाईल. अशी मी! दुसऱ्या क्षणी मला स्वतःचीच शिसारी आली, आणि मी त्याला जवळ घेतलं.

"मी खांदा देणार," रोद्या म्हणाला.

नाही कशी म्हणणार? आमच्यात रक्ताच्या नात्याने शवपेटी उचलायची नसते, मित्रच उचलतात. आणि उचलणाऱ्यांना मातीनंतरच्या जेवणाला पहिल्या टेबलावर बसवून, वोडकाने काठोकाठ पेला भरून देतात. पेल्याला पेला न लावता प्यायचा. नाही म्हटलं तर मेलेल्याचा अपमान.

मी त्याच रात्री गेराच्या आईकडे गेले. फाया मावशी मयताच्या घरी टाकतात तशी आरशावर चादर टाकून बसली होती. मी सगळं सांगितलं, की रोद्या डॉक्टरकडून बांधलेला आहे, एक घोटही घेतला तर जाईल. तिने माझे दोन्ही हात धरले.

"मी स्वतः त्याच्या पेल्यात पाणी ओतीन. दिसायला सारखंच दिसतं. एक गेला तेवढा पुरे आहे गं मला."

माझा जीव भांड्यात पडला.

मातीच्या दिवशी उचलायला सहा जण हवे होते. रोद्या धरून त्यांच्या वर्गातले तिघेच आले. उरलेले तिघे गेराच्या वडिलांचे सोबती, निवृत्तीवेतनवाले, एकाला तर दम्याने चालवत नव्हतं. तरण्याला म्हातारे वाहून नेत होते आणि चिखलात त्यांचे पाय लटपटत होते. माझ्या मागून चालणारी एक बाई कुजबुजली, "यांच्या वर्गातली बाकीची मुलं कुठायत?"

"इथेच तर आहेत," दुसरीने थडग्यांच्या नव्या रांगेकडे हनुवटी उडवली. सगळ्या दगडांवर फोटो होते, तेच शाळेतले चेहरे. मी आलेख आपल्या हाताने ओढला होता, तरी प्रत्येक नाव थांबून वाचलं.

जेवायला बसलो. मनुका घातलेला गोड भात फिरला, धिरडी आली. फाया मावशीने कबूल केल्याप्रमाणे रोद्याच्या पेल्यात वेगळ्या सुरईतून ओतलं. सगळे उठले. तेवढ्यात गेराच्या सावेली काकाने वाकून रोद्याच्या पेल्याचा वास घेतला.

"पाणी! मित्राला पाण्याने निरोप देतोस होय रे, बायल्या?"

"सावेली, मीच ओतलंय ते," फाया मावशी म्हणाली.

"तू गप. पोरगा त्याच्याशी एका बाकावर बसला दहा वर्षं!"

रोद्याची मान खाली गेली. माझं टाळकंच फिरलं. मी उठले आणि ओरडले, "बांधलाय त्याला! मारायचंय का? ऐका, मी मोजून आलेय. दहा वर्षांपूर्वी जेवढे तरुण या गावात मरत होते, त्याच्या तिपटीहून जास्त आज मरताहेत. युद्ध संपल्यापासून इतके कधीच मेले नव्हते. प्रांतवाल्यांना वाटलं आमची चूक झाली! एकाला पुरतो, त्याच्या नावाने पितो, मग त्या पिणाऱ्यातल्या एकाला पुरतो. या टेबलावर किती तिशीतले उरलेत बघा की!"

सगळ्यांनी खरंच बघितलं. सावेली काकाने भरलेला पेला टेबलावर टेकवला. मला वाटलं, जिंकले.

"म्हणजे आमची पाळी लागलेलीच आहे, नाही का ताई?" रोद्या अगदी शांतपणे म्हणाला. "मग गेराचा निरोप तरी नीट घेऊ दे."

आणि मी टेबल ओलांडून पोचायच्या आत त्याने सावेली काकाचा पेला उचलून घशात रिकामा केला.

फाया मावशी किंचाळली. रोद्या छातीवर हात दाबून उभा राहिला, डोळे मिटलेले, ओठ निळसर. मी त्याच्या कमरेला मिठी मारली होती आणि कान छातीला लावला होता. ठोके धडधडत होते. धडधडतच राहिले. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि त्याने एक डोळा उघडला.

"ताई... मी मेलो नाही."

"नाही रे माझ्या राजा, नाही मेलास!" मी रडत होते, हसत होते, त्याचे पापे घेत होते. "लबाड होता तो डॉक्टर! नुसतं पाणी टोचलं मेल्याने!" टेबलाभोवती सगळे हसायला लागले, मातीच्या जेवणाला, फाया मावशीसुद्धा डोळे पुसत हसली. सावेली काकाने रोद्याच्या पाठीवर थाप मारली.

मग मी काय बोलून बसले ते माझ्या ध्यानात आलं. हे पोर तीन महिने त्या लबाडीवरच तर जगत होतं. मी मिठी आणखी घट्ट केली. पण माझ्या खांद्यावरून रिकाम्या पेल्यासकट त्याचा हात पुढे गेला होता.

"डॉक्टर खोटा निघाला," रोद्या म्हणाला, नववर्षाच्या आधी असायचा त्या खुशीतल्या आवाजात. "ओता काका."