तुझ्यातली लंगडी कोणती?

"एनी प्रॉब्लेम?" मोरितासाहेबांनी रोजच्यासारखं विचारलं.

"नो प्रॉब्लेम सर!" अकरा जणांनी रोजच्यासारखं सांगितलं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज हनुमंत कोळप्यांचा होता.

आणि खरोखरच प्रॉब्लेम काही नव्हता, फक्त मशीन चालत नव्हतं. जपानहून आलेलं ते नवं प्रेस पहिला अर्धा तास गुणी बाळासारखं पत्रे दाबायचं आणि मग एकेक पत्रा वाकडा काढायला लागायचं. दोन चाचण्या अशा वाया गेल्या होत्या. तिसरी शुक्रवारी होती आणि आज बुधवार होता.

मीटिंग मोडल्यावर मॅनेजर सत्यजीत पलांड्यांनी हनुमंताला बाजूला घेतलं. पलांडे वयानं पंधरा वर्षांनी लहान, पण शिरूरकडचेच, त्यामुळे मामा म्हणायचे.

"मामा, शुक्रवारी पण गेलं ना, तर ही लाइन दुसऱ्या प्लँटला जाणार. आन् तुम्ही परत वेल्डिंग शॉपला. माझ्या हातात काही राहणार न्हाई बघा."

"व्हईल साहेब," हनुमंत म्हणाला. कसं होईल, ते त्याला ठाऊक नव्हतं.

बावीस वर्षं त्यानं वेल्डिंग केलं होतं. मेंढरांमागे न जाता कारखान्यात गेलेला घरातला पहिला माणूस. गेल्या वर्षी नवी लाइन आली आणि तिच्याबरोबर नाना तऱ्हेची माणसं आली. मशीन बसवणारी दिबाकरची टोळी ओडिशाची, वायरिंगवाला सेल्वम तमिळनाडूचा, साहेब जपानचे. या सगळ्यांशी कोण बोलणार, असा प्रश्न पडला तेव्हा हनुमंताचं नाव निघालं, कारण त्याचं कुणाशीच वाकडं नव्हतं. 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' असं त्याच्या कार्डावर छापून आलं. कंपनीनं त्याला पुण्याला एका दिवसाच्या ट्रेनिंगला धाडलं. वेगवेगळ्या देशांच्या माणसांशी कसं बोलावं, हे एका टाय घातलेल्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं. त्यातलं हनुमंताच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की जपानी माणसाची वस्तू दोन्ही हातांनी घ्यावी आणि दोन्ही हातांनी द्यावी. तेव्हापासून तो मोरितासाहेबांकडून पानासुद्धा प्रसाद घेतल्यासारखा घ्यायचा. सर्टिफिकेट साधनानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लॅमिनेट करून खंडोबाच्या फोटोशेजारी टांगलं होतं.

संध्याकाळी तो इनामगावात घरी पोचला तेव्हा त्याचे वडील मल्हारी आबा अंगणात बाजेवर बसले होते. साधनानं बशीत चहा ओतून पुढे धरला. आबांचा हात बशीच्या उजवीकडे हवेत चाचपडला. साधनानं बशी त्यांच्या हातात नेऊन ठेवली. हनुमंतानं ते पाहिलं, पण त्याच्या डोक्यात वाकडे पत्रे होते.

"तोंड का उतरलंय रं?" आबांनी विचारलं.

हनुमंतानं सगळं सांगितलं. आबांनी चहा फुरकला.

"त्यो जपानी इचारतो कसं?"

"काय अडचण हाय का, असं. रोज इचारतो बिचारा."

"मग न्हाईच म्हणत्याल की! चार माणसांत हाय म्हणून कोण पुढं यील?" आबांनी बशी खाली ठेवली. "आमचा तळ पडायचा तवा पाच घरची मेंढरं, पाच घरची माणसं. कुणाचं कुणाशी पटायचं न्हाई. पण म्होरक्या असा की, रोज सांच्याला एकेकाला इचारायचा, 'तुझ्यातली लंगडी कंची?' समदं बरं हाय का, असं न्हाई. लंगडी कंची! म्हंजी न्हाई म्हणायची सोयच न्हाई. शोधावीच लागायची. आन् पयली सोताची सांगायचा."

"आन् न्हाई सांगितली तर?"

"तर दुसऱ्या दिशी कळप चालतो, ती मागं राहती, आन् लांडगा नेतो. मग सांगून काय करायचं?"

गुरुवारी सकाळी मोरितासाहेबांनी "एनी" म्हटलं आणि हनुमंतानं हात वर केला.

"सर, टुडे आय आस्क."

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण मान हलवली. हनुमंतानं मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत आबांचा तळ सगळ्यांना समजावला. आज प्रत्येकानं आपल्या कामातलं एक तरी लंगडं सांगायचं. नाही म्हणायचं नाही.

"पहले मैं," तो म्हणाला आणि तिथेच अडकला. सकाळी येताना कंपनीच्या बसमध्ये त्यानं दिबाकरच्या चुका शोधल्या होत्या, सेल्वमच्या शोधल्या होत्या. स्वतःची शोधायचीच राहिली होती. अकरा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याला एकदम पहिला दिवस आठवला.

"पहले दिन कँटीन के पीछे मैंने तुम लोगों को बोला था, साहब मेहमान हैं, मेहमान के सामने घर की तकलीफ नहीं निकालने की. जिसने निकाली उसका गेटपास बंद. बोला था ना?" त्यानं दिबाकरकडे पाहिलं. "वो मेरी गलती थी. मेरी लंगडी वो है."

पाहुण्यासमोर घरातलं काही काढू नये, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं शहाणपण होतं. ते त्यानं जसंच्या तसं कारखान्यात आणून ठेवलं होतं. वर धमकीही घातली होती.

दिबाकरनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"दादा, तीन नंबर का फाउंडेशन बोल्ट... उसका चूड़ी खराब था. नट पूरा टाइट नहीं हुआ. वॉशर डालके बिठा दिया. बोलने का था. आप मना किया था."

पलांडे ताडकन पुढे झाले, पण हनुमंतानं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "साहेब, आज रागवायचं न्हाई. आज रागावलात तर उद्यापासनं पुन्हा नो प्रॉब्लेम."

सेल्वमनं एक तात्पुरती जोडलेली अर्थिंगची वायर कबूल केली. तिघांनी आपापलं काही किरकोळ सांगितलं. शेवटी सगळे मोरितासाहेबांकडे बघायला लागले, आणि हनुमंताला वाटलं, आता जरा जास्तच झालं.

साहेबांनी चष्मा पुसला. सावकाश, एकेक शब्द ठेवत इंग्रजीत म्हणाले, की दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मशीनची पातळी तपासताना पाणसळीतला बुडबुडा किंचित सरकलेला त्यांना दिसला होता. पण सगळ्या माणसांसमोर ते बोलून दाखवणं म्हणजे हनुमंतसानचा अपमान झाला असता. म्हणून ते गप्प बसले.

हनुमंत बघतच राहिला. तो साहेबांची अब्रू सांभाळत होता, साहेब त्याची, आणि दोघांच्या मध्ये तीन टनांचं मशीन कलत होतं. त्याला हसू आवरेना. साहेबही हसले, आणि मग कुणाला कळलं, कुणाला नाही, पण सगळेच हसले.

चाचणी चार दिवस पुढे ढकलायची मागणी मोरितासाहेबांनीच लेखी दिली. तीन नंबरचा बोल्ट उपटून नवा बसवला, सिमेंट भरलं, सुकू दिलं. मंगळवारी मशीन सुरू झालं. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. दिबाकर पत्रे उचलून गुण्याच्या काटकोनाला लावून बघत होता आणि दर वेळी होकाराची मान हलवत होता. दोन तासांनी पलांडे ओरडले, "मामा, लाइन कुठं जात न्हाई आता!" हनुमंत तिथेच एका लाकडी खोक्यावर बसला. आठवडाभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला हलकं वाटलं.

संध्याकाळी तो दारातूनच म्हणाला, "आबा, चाललं मशीन!"

"व्हय? लई झ्याक झालं." आबांनी मान तिरकी करून डाव्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "मग आज लंगडी कंची?"

"आज एक बी न्हाई."

"मग नीट बघितलं न्हाईस."

हनुमंत हसत बाजेवर बसला. साधनानं चहा आणला. आबांचा हात पुन्हा बशीच्या उजवीकडे गेला आणि हवेत चाचपडला. हनुमंताचं हसू थांबलं. हे त्यानं बुधवारी पाहिलं होतं. त्याच्याही आधी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"आबा," तो म्हणाला, "तुमची कंची?"

आबांनी घोड नदीच्या दिशेला तोंड वळवलं.

"उजवा डोळा," ते म्हणाले. "दिवाळीपासनं नुस्तं धुकं दिसतंय. तुझं मशीन अडलं हुतं. म्हणलं, ते सरळ हू दे आधी."

"पयली सोताची सांगायची, असं तुम्हीच म्हणला ना?"

"ते म्होरक्यानं. आता म्होरक्या तू हायस. इचारायचं काम तुझं हुतं."

हनुमंत बाजेवर त्यांच्याजवळ सरकला. तो म्हणाला, "उद्या रजा टाकतो. दौंडला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ. मोतीबिंदू असंल, निघतोय तो आता."

"जाऊ की," आबा म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पाठ बाजेमागच्या भिंतीला टेकवली.

हनुमंतानं साधनाच्या हातातून बशी घेतली आणि ती दोन्ही हातांनी आबांच्या डाव्या बाजूनं पुढे धरली. आबांनीही ती दोन्ही हातांनी घेतली.